स्पष्ट चेहरा, खरा चेहरा

“बाबा असेच होते का रे?”

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका मावशींनी हा प्रश्न केला आणि आम्ही चौघेही निरुत्तर झालो. आमच्या धर्मग्रामाच्या स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे गोळा करण्याचे काम आमच्याकडे आले होते. घरोघरच्या पत्र्याच्या पेट्यांतून, प्रार्थनापुस्तकांच्या पानांतून, भिंतीवरच्या वाळवी लागलेल्या चौकटींतून आम्ही ती मिळवीत होतो, संगणकावर उतरवून घेत होतो आणि छपाईस योग्य व्हावीत म्हणून स्पष्ट करीत होतो. मावशींच्या वडिलांचे एकच छायाचित्र शिल्लक होते. देवळाच्या नव्या दर्शनी भिंतीपुढे उभ्या असलेल्या तीस-पस्तीस पुरुषांच्या घोळक्यात, अगदी मागच्या रांगेत, करंगळीच्या नखाहून लहान असा त्यांचा चेहरा होता. छायाचित्र काढले त्या वर्षी मावशी दीड वर्षाच्या होत्या. पुढच्याच पावसाळ्यात वडील वारले. वडिलांचा चेहरा म्हणून त्यांनी जन्मभर जे पाहिले ते एवढेच, नखाएवढे एक करडे, धूसर वर्तुळ.

आम्ही ते वर्तुळ स्कॅन केले, एका आज्ञावलीच्या स्वाधीन केले आणि अर्ध्या मिनिटात पडद्यावर एक देखणा, तरुण, रेखीव चेहरा उभा राहिला. पापण्यांचे केस मोजता यावेत इतका तो स्पष्ट होता. आम्ही हरखून गेलो. त्याची पानभर मोठी प्रत काढली आणि मावशींच्या हाती ठेवली. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांचे डोळे भरून येतील, असे आम्हांला वाटले होते. त्यांनी जे विचारले ते आम्ही आरंभीच नमूद केले आहे.

खरे तर तो प्रश्न आम्ही काम हाती घेतानाच स्वतःला विचारावयास हवा होता. तोवर आम्ही या आज्ञावल्यांची पारख एकाच कसोटीने करीत होतो: कोणती आज्ञावली चित्र अधिक स्पष्ट करते? मावशींनी नकळत दुसरी कसोटी पुढे ठेवली: जे स्पष्ट झाले ते खरे आहे काय? या दोन कसोट्या एकच आहेत असे आपण सहज धरून चालतो. आपली भाषाही त्याला हातभार लावते; ‘स्पष्टवक्ता’ म्हणजे खरे बोलणारा, असा अर्थ आपण मनाशी पक्का केलेला असतो. प्रस्तुत लेखात आम्हांला या गृहीताचीच थोडी तपासणी करावयाची आहे.

प्रथम, चित्र ‘शार्प’ करणे म्हणजे नेमके काय करणे, ते पाहू. या क्रियेचा एक जुना आणि आजही सर्रास वापरला जाणारा प्रकार ‘अनशार्प मास्क’ या नावाने ओळखला जातो. नाव मोठे चमत्कारिक आहे, कारण स्पष्टता आणण्यासाठी येथे अस्पष्टतेचाच उपयोग केला जातो. संगणक येण्यापूर्वी, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, डार्करूममध्ये ही युक्ती हाताने केली जात असे. निगेटिव्हची एक फिकट आणि मुद्दाम धूसर ठेवलेली उलटी प्रत तयार करावयाची, ती मूळ निगेटिव्हवर तंतोतंत बसवावयाची आणि दोहोंतून मिळून प्रकाश सोडून कागदावर चित्र उमटवावयाचे. धूसर प्रतीमुळे चित्रातील पसरट छटा दबल्या जात आणि बारीक रेषा तेवढ्या उठून दिसत. संगणकही तेच करतो. मूळ चित्रातून त्याचीच धूसर प्रत वजा करतो. उरतात त्या कडा. त्या कडा तो मूळ चित्रात पुन्हा मिळवतो. १९९० साली बाजारात आलेल्या फोटोशॉपमध्ये या क्रियेवर तीन नियंत्रणे असतात: परिणाम किती करावयाचा, कडेभोवती किती रुंदीपर्यंत करावयाचा, आणि छटांमधील फरक किती असेल तरच करावयाचा.

अशा रीतीने कडेची उजळ बाजू अधिक उजळ होते, काळी बाजू अधिक काळी होते आणि डोळ्याला भास होतो की चित्र स्पष्ट झाले. हा डोळ्याचाच स्वभाव आहे. दोन छटा जेथे मिळतात तेथे डोळा स्वतःहून फरक वाढवून पाहतो, हे एर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८६५ सालीच दाखवून दिले होते. म्हणजे ही आज्ञावली आपल्या दृष्टीच्या कलाने चालते. चित्रात नसलेली एकही गोष्ट ती आणीत नाही. तिचा अतिरेक केला तर केसांभोवती पांढरी कड उमटते, सुरकुत्या चाकूने ओढल्यासारख्या होतात, गालावर चांदीचे कण आणि कागदाचा खरबरीत पोत वर येतो. मात्र तिची चूक कोणालाही दिसते. कुंकू फार झाले की कपाळ पाहताच कळते, तसे हे आहे.

दुसरा प्रकार अधिक सखोल आहे. चित्र धूसर झाले ते कोणत्या कारणाने झाले, हे ठाऊक असेल तर गणिताने तो दोष उलट्या दिशेने सोडवीत नेता येतो. रिचर्डसन यांनी १९७२ साली आणि लूसी यांनी १९७४ साली, स्वतंत्रपणे, यासाठी मांडलेली रीत आजही त्या दोघांच्या नावांनी ओळखली जाते. तिचे मोल जगाला कळले ते हबल दुर्बिणीच्या वेळी. एप्रिल १९९० मध्ये ही दुर्बीण अवकाशात गेली आणि तिच्या २.४ मीटर व्यासाच्या आरशाची कड सुमारे दोन मायक्रॉनने, म्हणजे केसाच्या जाडीच्याही अल्पशा अंशाने, चुकीची घासली गेल्याचे लक्षात आले. तारे धूसर दिसू लागले. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन तो दोष दूर करीपर्यंत शास्त्रज्ञांनी अशाच गणिती रीतींनी त्या चित्रांतून उपयुक्त माहिती काढली. त्यांना ते साधले, कारण आरशाचा दोष किती आणि कसा हे त्यांना मोजता आले होते. आमच्या हाती आलेल्या जुन्या छायाचित्रांबाबत मात्र काय ठाऊक होते? चेहरा धूसर का झाला? माणूस हलला? कॅमेरा हलला? भिंग साधे होते? की कोणी एका छापील प्रतीवरून पुन्हा छायाचित्र घेतले होते? कारणच अज्ञात असेल तर गणितही अंदाजाने चालते. तरीही तो अंदाज चित्रातल्याच उजेड-अंधाराबद्दलचा असतो.

मावशींच्या वडिलांचा चेहरा ज्या आज्ञावलीने ‘स्पष्ट’ केला ती तिसऱ्या जातीची होती. या जातीच्या आज्ञावल्या गेल्या काही वर्षांत सर्वत्र झाल्या आहेत; अनेक तर भ्रमणध्वनीवर मिळतात. त्यांची रीत समजून घेतल्याशिवाय पुढचा प्रश्न उलगडणार नाही. त्यांना आधी हजारो स्पष्ट चेहरे दाखविलेले असतात. एनव्हिडिया कंपनीच्या संशोधकांनी २०१९ साली खुला केलेला ७०,००० चेहऱ्यांचा एक संग्रह यासाठी फार वापरला जातो. ते चेहरे फ्लिकर या संकेतस्थळावर लोकांनी ठेवलेल्या छायाचित्रांतून घेतलेले आहेत. २०२१ साली पुढे आलेली ‘जीएफपीगॅन’ ही प्रसिद्ध आज्ञावली याच संग्रहावर शिकलेली आहे. हे चेहरे धूसर करून यंत्रापुढे ठेवावयाचे आणि त्यांतून मूळ चेहरा कसा ओळखावा ते त्याला शिकवावयाचे, असा हा अभ्यास. तो पुरा झाला की आपण दिलेल्या धूसर चेहऱ्याकडे पाहून यंत्र जणू म्हणते, ‘अशा धूसरपणामागे बहुधा असा चेहरा असतो.’ आणि तो चेहरा काढून देते.

येथे ‘बहुधा’ या शब्दावर आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. २०२० साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘पल्स’ नावाची एक आज्ञावली प्रसिद्ध केली. सोळा गुणिले सोळा, म्हणजे अवघ्या २५६ ठिपक्यांच्या चित्रातून ती १०२४ गुणिले १०२४, म्हणजे दहा लाखांहून अधिक ठिपक्यांचा चेहरा उभा करीत असे. हिशोब केला तर ज्ञात असलेल्या प्रत्येक ठिपक्यामागे ४,०९६ ठिपके होतात. कोणीतरी तिला बराक ओबामा यांचे असेच लहान केलेले छायाचित्र दिले आणि उत्तरादाखल एका गोऱ्या माणसाचा चेहरा आला. जगभर त्यावर चर्चा झाली. त्या चुकीत दोन धडे आहेत. पहिला असा, की यंत्राने जे चेहरे अधिक पाहिले त्यांच्याकडे ते झुकते. फ्लिकरवर छायाचित्रे ठेवणाऱ्यांच्या जगात आमच्या मिठागरांतला आणि भातशेतीतला माणूस कितीसा असणार? दुसरा धडा अधिक मूलगामी आहे. तो गोरा चेहरा पुन्हा लहान केला तर त्याच २५६ ठिपक्यांशी तो जुळतो. म्हणजे अनेक भिन्न माणसे एकाच धूसरपणात विरघळतात. स्पष्टाकडून अस्पष्टाकडे जाण्याची वाट एक असते. अस्पष्टाकडून मागे फिरताना तिला असंख्य फाटे फुटतात. त्यांतला कोणता फाटा आपल्या माणसाच्या घरी जातो, हे त्या ठिपक्यांत लिहिलेले नसते.

निर्मात्यांना हे ठाऊक नसते असे नाही. सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ साली ‘कोडफॉर्मर’ नावाची आज्ञावली मांडली. तिच्यात शून्यापासून एकपर्यंत सरकणारा एक आकडा आहे. तो शून्याकडे नेला की चित्राचा ‘दर्जा’ वाढतो. एककडे नेला की ‘निष्ठा’, म्हणजे दिलेल्या चित्राशी असलेले इमान, वाढते. एका टोकाला सुंदरता, दुसऱ्या टोकाला इमान, आणि मध्ये आपले बोट! तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांतही हा पेच इतक्या उघडपणे मांडलेला आम्ही क्वचित पाहिला आहे. आम्ही वापरलेल्या आज्ञावलीत असा सरकता आकडाही नव्हता. एकच कळ होती आणि तिच्यामागे कोणीतरी आमच्यासाठी आधीच निवड करून ठेवली होती.

मावशींच्या प्रश्नानंतर आम्ही काम थांबविले आणि या आज्ञावल्यांची नव्याने पारख करण्याचे ठरविले. मृत व्यक्तीच्या चित्रावर पारख करता येत नाही, कारण ताडून पाहावयास मूळ चेहरा नसतो. म्हणून आम्ही आमच्या चौघांचेच चेहरे पणाला लावले. प्रत्येकाचे एक चांगले, स्पष्ट छायाचित्र घेतले. ते लहान केले, धूसर केले, जुन्या कागदासारखे छापले आणि पुन्हा स्कॅन केले. मग ते आज्ञावल्यांना दिले आणि जे आले ते मूळ छायाचित्राशेजारी ठेवले. ही पारख कोणालाही घरी करता येईल आणि करावी, अशी आमची शिफारस आहे.

निष्पन्न काय झाले? अनशार्प मास्कने आमचे चेहरे धूसरच ठेवले. कडा थोड्या उठल्या, एवढेच. नव्या आज्ञावलीने चौघांनाही सुंदर केले. एकाच्या गालावरील तीळ गेला. दुसऱ्याचा पुढचा वेडावाकडा दात सरळ झाला. तिसऱ्याच्या डोळ्यांत त्याने कधी न पाहिलेल्या कोण्या खिडकीचा उजेड चमकू लागला. चौथ्याचे चित्र त्याच्या पत्नीला दाखविले तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “हे यांचे धाकटे भाऊ वाटतात.” त्याला धाकटा भाऊ नाही. आणखी एक खूण आम्हांला आढळली: कपाळापासून हनुवटीपर्यंत सारे आरशासारखे लखलखीत, आणि कानाची पाळी, मान, सदऱ्याची कॉलर मात्र पूर्वीसारखीच धूसर. ‘येथून पुढे मला ठाऊक नाही’ असे यंत्र जणू गळ्यापाशी येऊन कबूल करते. चौघांवर केलेला प्रयोग म्हणजे शास्त्र नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु चौघेही आम्ही हयात होतो, आणि म्हणून यंत्राला ‘हा मी नव्हे’ असे सांगू शकलो. मावशींच्या वडिलांना ती सोय नव्हती.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. छायाचित्र कधी तरी अस्पर्श होते काय? पूर्वी स्टुडिओतील कारागीर निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवून सुरकुत्या आणि डाग बुजवीत असत. लग्नाच्या छायाचित्रात ओठांवर रंग भरीत. मग यंत्राने तेच केले तर एवढा गहजब कशासाठी?

या आक्षेपाचा विचार करताना आम्हांला लिझ्यूच्या संत तेरेजाची छायाचित्रे आठवली. तेरेजाची बहीण सेलिन १८९४ साली त्याच कार्मेल मठात दाखल झाली, ती आपला कॅमेरा घेऊनच. पुढील तीन वर्षांत तिने तेरेजाची अनेक छायाचित्रे काढली. ३० सप्टेंबर १८९७ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तेरेजाचे निधन झाले. त्यानंतर जगभर जी चित्रे पोचली, घराघरांतल्या भिंतींवर आणि प्रार्थनापुस्तकांत जाऊन बसली, ती बव्हंशी सेलिनने स्वतः काढलेली किंवा तिने हात फिरविलेली होती. त्या काळी चित्र उमटण्यास काही क्षण निश्चल बसावे लागे. त्यामुळे चेहरा ताठ होतो, बहिणीच्या मुखावरचे जिवंत भाव यंत्राला पकडता येत नाहीत, अशी सेलिनची धारणा होती. तिने तो चेहरा मृदू केला, गोड केला. तेरेजाच्या आत्मकथेचेही तसेच झाले. १८९८ साली ती प्रसिद्ध झाली तेव्हा दुसऱ्या बहिणीने, मदर ॲग्नेस यांनी, मजकुरावर पुष्कळ संस्कार केलेले होते. मूळ हस्तलिखिते १९५६ साली आणि मूळ छायाचित्रे १९६१ साली फादर फ्रांस्वा दे सेंत-मारी यांनी प्रकाशात आणली. तेव्हा लोकांना जी तेरेजा दिसली तिची हनुवटी दणकट होती, नजर थेट होती, आणि अखेरच्या चित्रांत आजाराची छाया होती.

सेलिनला आम्ही दोष देऊ इच्छित नाही. तिने जे केले ते प्रेमापोटी केले, आणि तिने तो चेहरा जिवंतपणी, दररोज, जवळून पाहिलेला होता. तिची पेन्सिल चुकली असेल. पण ती आठवणीने चालत होती. स्टुडिओतील कारागिरानेही आपल्या गिऱ्हाइकाला समोर बसलेले पाहिले होते. गिऱ्हाईक येऊन चित्र पाही आणि ‘हा मीच’ म्हणून पैसे देऊन घेऊन जाई. आमच्या यंत्राने मात्र मावशींच्या वडिलांना कधी पाहिले नव्हते. ज्यांना ते जन्मात भेटले नाहीत अशा हजारो परक्यांच्या चेहऱ्यांतून त्याने एक चेहरा जुळविला आणि आम्ही त्यावर त्यांचे नाव लिहिले. आणखी एक गोष्ट विसरता येणार नाही. मठाने मूळ काचेच्या प्लेटा जपल्या होत्या. त्या फोडल्या असत्या तर १९६१ साली कोणालाही काही सुधारता आले नसते.

आता त्या मूळ छायाचित्राकडे वळू. आमच्या चौकशीत असे कळले की मावशींच्या वडिलांचे एक चुलत भाऊ हयात आहेत. नव्वदीला टेकलेले, शेजारच्या गावी लेकीकडे राहणारे. छायाचित्र काढले तेव्हा ते दहा-बारा वर्षांचे असावेत. आम्ही मावशींना घेऊन त्यांच्याकडे गेलो. मोठी प्रत हाती दिली तेव्हा त्यांनी ती डोळ्यांजवळ धरली, लांब धरली आणि विचारले, “हा कोण?” नाव सांगितले तेव्हा त्यांनी मान हलविली. मग आम्ही नखाएवढे मूळ छायाचित्र आणि भिंग पुढे केले. भिंग थोडा वेळ त्या घोळक्यावरून फिरत राहिले आणि थांबले.

“हा बघा दादा,” ते म्हणाले. “याच्या वरच्या ओठावर वण होता. लहानपणी बैलाने शिंग मारलं होतं. हसला की ओठ एका बाजूला ओढला जायचा.”

आम्ही भिंगातून पाहिले. वरच्या ओठापाशी एक फिकट, तिरपा ठिपका होता. काम करताना तो आम्हांला दिसला होता. आम्ही त्याला कागदावरचा डाग समजलो होतो. यंत्रानेही तसेच समजून त्या जागी एक सुबक, निर्दोष ओठ काढला होता. धूसर चित्राने जी साक्ष सत्तराहून अधिक वर्षे सांभाळली ती स्पष्ट चित्राने अर्ध्या मिनिटात पुसली. मावशी ओठावर बोट ठेवून बसल्या होत्या. “आई कधी बोलली नाही,” एवढेच त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून आम्हांला अस्पष्टतेबद्दल वेगळा आदर वाटू लागला आहे. धूसर चित्र आपले अज्ञान लपवीत नाही. ते म्हणते, ‘एवढे मला ठाऊक आहे, यापुढे ज्याने पाहिले असेल त्याला विचारा.’ म्हणून आम्ही चुलत काकांपर्यंत जाऊन पोचलो. स्पष्ट चित्र विचारण्याची गरजच संपविते. पाहणाऱ्याचे समाधान होते आणि शोध थांबतो. ज्या गावात त्या काळाचे एक-दोनच साक्षीदार उरले आहेत तेथे शोध थांबणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको.

आठवी आज्ञा आपण बालपणापासून पाठ करतो: आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये. ती वाचताना आपल्यापुढे न्यायालय उभे राहते, बदनामी उभी राहते. परंतु शेजाऱ्याला तो होता त्याहून सुंदर दाखविणे हीदेखील खोटी साक्ष होऊ शकते काय? आमच्या मते, होऊ शकते. शिंगाचा वण मिटवून आम्ही त्या माणसाची बदनामी केली नाही. पण त्याच्या जागी दुसऱ्याला उभे केले. इ. स. ७८७ मधील निसियाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने प्रतिमांविषयी जो निर्णय दिला त्याचे सार असे आहे की प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेपाशी थांबत नाही; जिची ती प्रतिमा आहे त्या व्यक्तीकडे तो पोचतो. घरातल्या मृतांच्या तसबिरीपुढे आपण २ नोव्हेंबरला फुले ठेवतो, मेणबत्ती लावतो, ती प्रतिमेची पूजा म्हणून नव्हे. त्या माणसाची आठवण म्हणून. तसबिरीतला चेहरा जर कोणाचाच नसेल, तर ती मेणबत्ती कोणासाठी जळते?

आमच्यातल्या एकाने यावर दिलेले उत्तर आम्ही प्रामाणिकपणे नोंदवितो, कारण त्यात करुणा आहे. तो म्हणाला, “प्रेम करायला माणसाला चेहरा लागतो. मावशींना अठ्ठ्याहत्तर वर्षे तो मिळाला नाही. आता मिळाला, तर तुमच्या काटेकोरपणासाठी तो हिसकावून घ्यायचा?” या युक्तिवादाला आमच्याजवळ पूर्ण उत्तर नाही. सांत्वन ही क्षुद्र गोष्ट नव्हे. तथापि आम्हांला असे वाटते, की मावशींनी त्या नखाएवढ्या वर्तुळावरही जन्मभर प्रेम केलेच होते. त्यांना चेहरा हवा होता हे खरे. पण हाती आल्यावर त्यांनी पहिला जो प्रश्न विचारला तो सौंदर्याचा नव्हता, खरेपणाचा होता. सांत्वनाची गरज ज्यांना सर्वाधिक होती त्यांनीच ही कसोटी मागितली. ती त्यांच्या वतीने सोडून देण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. आणि आमची चूक पूर्णपणे निस्तरताही येत नाही. पाहिलेला चेहरा न पाहिलेला करता येत नाही. ज्यांच्या मनात वडिलांची एकही आठवण नव्हती, त्यांच्या मनात आम्ही एक परका चेहरा आणून बसविला.

यापुढच्या कामासाठी आम्ही काही पथ्ये ठरविली. मूळ छायाचित्र आहे तसे, कोणताही संस्कार न करता, मोठ्या आकारात स्कॅन करून वेगळे जपावयाचे; पुष्कळदा स्कॅनरच न सांगता चित्र ‘शार्प’ करतो, ती सोय आधी बंद करावयाची. कडा उठविण्यापुरते, धूळ आणि चिरा काढण्यापुरते काम करावयाचे. पण डाग काढण्यापूर्वी तो डागच आहे काय, हे घरच्या जाणत्या माणसाला विचारावयाचे. यंत्राने रचलेला चेहरा कोणाला द्यावाच लागला तर मूळ चित्र शेजारी छापल्याशिवाय द्यावयाचा नाही, आणि तो रचलेला आहे असे खाली लिहावयाचे. आज्ञावली घेताना ती किती स्पष्ट करते हे पाहण्यापूर्वी, ती कोठे थांबते हे पाहावयाचे.

स्मरणिकेत आम्ही तो घोळका जसाच्या तसा छापला. मागच्या रांगेतल्या त्या चेहऱ्याभोवती एक बारीक वर्तुळ काढले आणि खाली नाव, गाव आणि ओठावरच्या वणाची हकीकत दोन ओळींत दिली.

पानभर मोठी प्रत परत मागण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. मध्यंतरी मावशींच्या घरी जाण्याचा योग आला तेव्हा ती त्यांच्या आल्ताराशेजारी, चौकटीत लावलेली दिसली. मूळ लहान चित्र त्याच चौकटीच्या कोपऱ्यात खोचलेले होते. आम्ही जवळ जाऊन पाहिले. मोठ्या चेहऱ्याच्या वरच्या ओठावर मावशींनी थरथरत्या हाताने, पेन्सिलीने, एक तिरपी रेघ ओढून घेतली होती. त्या साऱ्या चेहऱ्यावर, ज्याने त्यांच्या वडिलांना पाहिले होते अशा माणसाच्या साक्षीवरून आलेली तेवढी एकच रेघ होती.